पावणेचारचा गिअर

ब्रेझिना या चेक वस्तीच्या गावातल्या बेकरीत सकाळी कॉफीला जमणाऱ्या पुरुषांमध्ये तब्येत विचारायच्या आधी गिअर विचारायची रीत होती. "कितीचा बसवलास?" एवढंच. साडेचार म्हणणारा छाती काढून खसखशीच्या कोलाचीचा, म्हणजे गोड पावाचा, लचका तोडायचा. चार म्हणणारा कपात बघत उगाच साखर ढवळायचा. त्याहून कमी सांगायची पाळी कुणावर आलीच, तर तो गाडी बायकोची आहे म्हणून मोकळा व्हायचा.

हा आकडा गाडीच्या मागच्या ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियन या दातेरी चक्रांच्या जोडीचा. इंजिनाकडून मागे येणारा लांब शाफ्ट किती वेळा फिरला की चाक एकदा फिरतं, त्याचं हे माप. आकडा मोठा असेल तर गाडी भराभर लहान पावलं टाकणाऱ्या माणसासारखी जागेवरून उसळते. आकडा लहान असेल तर ढांग लांब पडते. सुटायला जरा जड, पण पुढे दम टिकतो. ब्रेझिनातल्या पुरुषांनी यातलं पहिलं वाक्य पाठ केलं होतं आणि दुसरं सोडून दिलं होतं. त्यापायी सलग चार वर्षं ते गाड्यांच्या शर्यतीत नदीपलीकडच्या गावातल्या स्वीडिश लोकांकडून हरत आले होते, आणि दर वर्षी हरल्यावर म्हणत होते की आकडा अजून मोठा हवा होता.

गावात एमिल व्होंद्राचं दुकान होतं. आसपासच्या तीन जिल्ह्यांत मागचा ॲक्सल उघडून पुन्हा धडपणे बसवणारं दुसरं दुकान नव्हतं. मागच्या खोलीत खिडकीखाली बेंच होतं आणि त्या बेंचवर गेली सतरा वर्षं एमिलची मुलगी अल्बीना काम करत होती. ती एक्केचाळीस वर्षांची, अविवाहित, हळू बोलणारी. रोज सकाळी चर्चमध्ये मिसा ऐकून आल्याशिवाय ती लोखंडाला हात लावायची नाही आणि शुक्रवारचा उपास तिने कधी मोडला नव्हता. गावाला वाटायचं, ॲक्सल एमिल बसवतो आणि अल्बीना त्याला पाने काढून देते. खरी गोष्ट उलटी होती. पण ती सांगायची कुणी? एमिलला सांगवत नव्हती आणि अल्बीनाला कुणी विचारलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात, म्हणजे एकाहत्तर साली, एमिलला सत्तरावं लागलं आणि बेंच कुणाला द्यायचं हा प्रश्न निघाला. उमेदवार दोन. एक अल्बीना, दुसरा एमिलचा पुतण्या रूडी. रूडी पस्तिशीचा, अंगाने दांडगा, मनाने वाईट नव्हे, पण त्याचा आवाज नेहमी त्याच्या दोन पावलं पुढे चालायचा. स्वीडिशांशी होणाऱ्या शर्यतीसाठी यंदा लियोनार्ड पोस्पिशिलच्या निळ्या पॉन्टिॲकची चिठ्ठी निघाली, तेव्हा रूडीने बेकरीतच जाहीर करून टाकलं की तिच्यात साडेचारचा गिअर आहेच, तसाच नवा कोरा घालू.

अल्बीना पावाची पिशवी घ्यायला तिथे आली होती. ती म्हणाली, "या गाडीला पावणेचार पुरे."

बेकरी अशी हसली की भट्टीवरचा माणूस बाहेर येऊन बघून गेला. एमिल मात्र हसला नाही. त्याने कप खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की ठीक आहे, अल्बीना म्हणते तोच बसेल. गाडी जिंकली तर बेंच तिचं. हरली तर सोमवारपासून बेंच रूडीचं, आणि अल्बीना पुढच्या खिडकीत बसून पावत्या लिहील. मग टोपी घालून तो निघून गेला. एवढ्या लोकांत उच्चारलेला शब्द आता त्यालाही परत घेता येणार नव्हता.

शर्यत पंधरा ऑगस्टला, मरियामातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला होती. त्या आधीचे नऊ दिवस अल्बीना दर वर्षी नोव्हेनाची प्रार्थना करायची आणि त्याबरोबर एखादा लहानसा नेम पाळायची. यंदा तिने नेम केला होता की नऊ दिवस कुणाला उलट उत्तर द्यायचं नाही. नेम बेकरीतल्या प्रसंगाच्या आधी केलेला होता, त्यामुळे त्यातून सुटका नव्हती. रूडीला हे कळलं तेव्हा त्याला पर्वणीच सापडली.

"अल्बी, काकूच्या शिलाई मशीनला कितीचा गिअर आहे गं? तोच काढून लावणार का?" तो दारातून विचारायचा. अल्बीना हसून मान हलवायची आणि काम करायची. तिसऱ्या दिवशी त्याचाच उत्साह ओसरला. भिंतीवर चेंडू मारून मारून माणूस किती मारणार.

पण लियोनार्डला नुसत्या हसण्याने पटणार नव्हतं, आणि गाडी त्याची होती. धान्याच्या कोठारावर काम करणारा हा सव्वीस वर्षांचा तरुण सरळ होता. तो येऊन म्हणाला, "अल्बीनाताई, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण लोक मला वेड्यात काढतायत. मला कारण सांगा."

कारण सांगणं म्हणजे उलट उत्तर नव्हे, असं अल्बीनाने मनाशी ठरवलं. तरी तिने तोंडाने काही सांगितलं नाहीच. ती म्हणाली, चल.

आधी तिने दुकानाच्या फरशीवर खडूने रेघ मारली, मागच्या टायरवर खूण केली, लियोनार्डला स्टिअरिंगवर बसवलं, टाकी भरलेली आहे ना बघितलं, आणि रूडीला गाडी ढकलायला लावली. चाकाचे पुरे दहा फेरे होईपर्यंत गाडी अंगणात गेली. मग तिने फीत धरून मोजलं. मागच्या वर्षी लियोनार्डने दिसायला झोकदार म्हणून बुटके, रुंद टायर घातले होते. गाडीच्या वजनाखाली ते आणखी दबले होते. टायरच्या बाजूवर छापलेल्या मापाने काढलेला हिशोब आणि फरशीवरचा हिशोब यांत चांगला फरक पडत होता. टायर लहान म्हणजे पाऊल लहान. साडेचारचा गिअर लावून गावाने गाडीला आधीच तोकडी पावलं दिली होती, आणि या टायरांनी ती आणखी तोकडी केली होती.

दुपारी ती त्याच्या शेजारी बसून जुन्या लष्करी विमानतळावर गेली. युद्ध संपल्यापासून तिथे धावपट्टीच्या फटींतून गवत आणि आसपास मका एवढंच होतं, आणि वर्षातून एकदा ही शर्यत. अल्बीनाने गळ्यातला क्रूस मुठीत धरला आणि सांगितलं, "पूर्ण पाव मैल पळव. रस्ता तू बघ. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मी बघते."

गाडी सुटली तशी तिची पाठ सीटला चिकटली. पण तिने काट्यावरची नजर हलवली नाही. गिअरबॉक्सचे एक, दोन, तीन गिअर पडले, चौथाही पडला, आणि पाव मैलातला एक तृतीयांश रस्ता शिल्लक असताना काटा त्रेपन्नशेवर जाऊन थांबला. पुढे आवाज होता, धडधड होती, पण काटा जागचा हलत नव्हता. हे इंजिन मोठं, ताकदीचं, पण जड अंगाचं. त्रेपन्नशेच्या वर त्याला श्वासच घेता येत नव्हता.

गाडी थांबल्यावर तिने विचारलं, "शेवटी कसं वाटलं?"

"उडल्यासारखं," लियोनार्ड म्हणाला.

"शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात तुझी गाडी पळत नाही, लियोनार्ड. नुसती ओरडते."

त्याला पटेना. मग तिने त्याला शेजारी बसवलं आणि स्वतः गाडी चालवली. ती शांत बाई पाव मैल कशी गेली हे लियोनार्डने पुढे बरीच वर्षं लोकांना सांगितलं. पण त्या दिवशी तो गाडीतून उतरला तेव्हा एवढंच म्हणाला, की काटा खरंच थांबतो. आठ वर्षं तो गाड्या पळवणाऱ्यांत वावरत होता, आणि आवाज वाढला म्हणजे वेग वाढला यावर सगळ्यांसारखाच विसंबला होता. उथळ पाण्याला खळखळाट फार, तसली गत.

"मग चार का नको?" त्याने विचारलं.

तिने वही दाखवली. पाव मैलाच्या शेवटी गाडीचा वेग जितका व्हायला हवा, तितक्याला चारच्या गिअरवर काटा त्रेपन्नशे ओलांडत होता. पावणेचारवर तो पाच हजारांवर येत होता, जिथे हे इंजिन सगळ्यात जोरात ओढतं. शिवाय शर्यतीआधी नव्वद मैलांचा वळसा घालून भर उन्हात गाडी चालवत आणायची, बॉनेट न उघडता सरळ रेघेवर उभी करायची, असा दोन्ही गावांचा नियम होता. साडेचारवर ते इंजिन दीड तास बोंबलत येणार आणि तापून रेघेवर उभं राहणार. पावणेचारवर ते सणाचं जेवण जेवून आल्यासारखं येईल.

"आणि सुटताना?" लियोनार्ड म्हणाला. "सुटताना स्वीडिश पुढे जाणार."

"जाणार," अल्बीना म्हणाली. "ते तुला सहन करावं लागेल."

मग तीन दिवस ती बेंचवर होती. क्राउनच्या दातांना तिने ब्रशने पिवळी पेस्ट लावली, पिनियन फिरवलं आणि दात दातावर कुठे टेकतो त्याचा ठसा भिंगातून पाहिला. ठसा टोकाकडे सरकला होता. केसाएवढ्या जाडीची पत्र्याची चकती बदलून पुन्हा बसवलं, पुन्हा पेस्ट, पुन्हा ठसा. अकराव्या खेपेला पिवळ्यातला तो डाग दाताच्या बरोबर मधे आला, जवाच्या दाण्याच्या आकाराचा. त्यावर तिने लियोनार्डला आठ मैल सावकाश चालवून आण, गाडी पूर्ण गार होऊ दे, पुन्हा आठ मैल, असं सहा वेळा करायला लावलं. नव्या दातांना एकमेकांची ओळख व्हायला वेळ द्यावा लागतो. रूडी म्हणाला की ही शर्यतीची गाडी आहे, नवी नवरी नव्हे. अल्बीनाने त्यालाही काही उत्तर दिलं नाही.

पंधरा तारखेला सणाची मिसा झाली आणि सगळं गाव गाड्यांतून निघालं. नव्वद मैलांच्या वळशाला निघायच्या जागी निवृत्त शेरीफ टॉलिव्हर उभे होते. ते ना चेक ना स्वीडिश, म्हणून दर वर्षी पंच. दोन्ही बाजूंनी आपला गिअर चिठ्ठीवर लिहून द्यायचा आणि त्यांनी तो मोठ्याने वाचायचा. एका वर्षी कुणीतरी वाटेत ओळखीच्या गोठ्यात शिरून गिअर बदलला होता, तेव्हापासूनची ही रीत.

स्वीडिशांच्या लाल गाडीची चिठ्ठी आधी वाचली गेली. साडेचार. तिचा मालक मर्ल लिंडक्विस्ट हा दूधसंघात हिशोब बघणारा उंच माणूस मान किंचित झुकवून उभा राहिला. मग टॉलिव्हरांनी दुसरी चिठ्ठी उघडली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि वाचलं. पावणेचार.

पलीकडून हशा उसळला. कुणीतरी विचारलं की गाडी शर्यतीला आणलीय की आजीला दवाखान्यात न्यायला. ब्रेझिनाकडचे लोक एकमेकांकडे बघेनात. रूडी अल्बीनाच्या कानाशी येऊन म्हणाला, "काकांच्या नावाला काळं फासलंस आज."

नऊ दिवस संपले होते. अल्बीना त्याच्याकडे वळली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "रूडी, तू सतरा वर्षांत एक ठसा मधे आणून दाखव, मग काकांच्या नावाची काळजी कर." आतापर्यंत हे तिला बोलता येत होतं, पण ती बोलली नव्हती, हे त्याला बहुधा तेव्हा कळलं.

नव्वद मैल मक्याच्या शेतांमधून वरात निघाली. अल्बीना एमिलच्या जुन्या ट्रकमध्ये मागून येत होती आणि जपमाळेचे मणी सरकवत होती. ट्रक रूडी चालवत होता, एमिल मधे बसला होता. ऊन असं होतं की डांबर मऊ झालं होतं. पुढे चाललेल्या लाल गाडीच्या आवाजाने शेताच्या कडेचे पक्षी उठत होते. निळी गाडी तिच्या मागून गुरगुरत चालली होती.

धावपट्टीवर पोचल्या तेव्हा लाल गाडीच्या बॉनेटवर हवा थरथरत होती. दोन्ही गाड्या रेघेवर आल्या. माणसं दोन्ही बाजूंना मक्यात शिरून उभी राहिली. टॉलिव्हरांनी रुमाल खाली टाकला.

लाल गाडी उसळली. पहिल्या शंभर फुटांत ती एक गाडी पुढे होती, मग दीड गाडी. स्वीडिशांनी ओरडायला सुरुवात केली आणि ब्रेझिनाच्या बायकांनी तोंडावर हात नेले. रूडीने टोपी काढून जमिनीवर टाकली. अल्बीनाने डोळे मिटून घेतले. तिला बघायची गरज नव्हती. तिला ऐकायचं होतं.

दोन आवाज होते. एक पातळ आणि चढा, दुसरा जाड आणि खालचा. चढा आवाज वर गेला, अजून वर गेला, आणि एका जागी अडकला. गाणाऱ्याने सूर धरून ठेवावा तसा तो तिथेच राहिला, जराही पुढे सरकेना. त्या क्षणी तिला कळलं. खालचा आवाज अजून चढत होता, सावकाश, न थांबता, जसा वहीत लिहिला होता तसा. तिने डोळे उघडले तेव्हा निळा रंग लाल रंगाच्या बाजूला आला होता. मग तो पुढे गेला. एक गाडी की दीड गाडी, हे नंतर लोक भांडून ठरवणार होते, पण रेघ निळीने आधी ओलांडली यात भांडायला जागा नव्हती.

ब्रेझिनाला काय करावं सुचेना. चार वर्षांत आनंद करायची सवय गेली होती. मग बँडवाल्या म्हाताऱ्याने अकॉर्डियन ओढला आणि एकदम सगळेच मक्यातून धावत सुटले.

लिंडक्विस्ट गाडीतून उतरला तो थेट टॉलिव्हरांकडे गेला. तो चिडला नव्हता, पण हिशोबाचा माणूस होता आणि हिशोब लागत नव्हता. पावणेचारवर हे होऊ शकत नाही, तो म्हणाला. चिठ्ठी खोटी आहे, मला मोजून हवं. तसा हक्क हरणाऱ्याला होता. निळ्या गाडीचं मागचं अंग जॅकवर चढवलं. चाक हरणाऱ्याने फिरवायचं आणि शाफ्टचे फेरे जिंकणाऱ्याने मोजायचे, सगळ्यांच्या देखत.

"मी मोजतो," एमिल म्हणाला.

सत्तर वर्षांचा माणूस सणाच्या कोटासकट गाडीखाली सरकला. शाफ्टवर तोल साधायला लोखंडाची एक लहान पट्टी डाग देऊन लावलेली असते. एमिलने तिच्या वाटेत बोट धरलं. लिंडक्विस्ट दोन्ही हातांनी चाक फिरवू लागला. पट्टी बोटाला लागली की एमिल आकडा उच्चारायचा. एक. दोन. तीन. चाकाचा एक फेरा झाला तेव्हा चौथा आकडा अजून आला नव्हता. दहा फेरे करायचे होते. वीसनंतर ब्रेझिनाचे लोक त्याच्याबरोबर मोजू लागले. तीसनंतर स्वीडिशही मोजू लागले. पस्तीस. छत्तीस. सदतीस. चाकावरची खूण दहाव्यांदा रेघेशी आली आणि अडतिसावा काही आला नाही. साडेचारचा गिअर असता तर पंचेचाळीस झाले असते.

लिंडक्विस्टने चाक सोडलं. मग खाली वाकून तो म्हणाला, "मानलं, एमिल. तुझ्या हाताला तोड नाही."

एमिल गाडीखालून बाहेर आला. त्याच्या पाठीला गवत चिकटलं होतं. त्याने लोकांकडे पाहिलं, पण कुणाच्या तोंडावर त्याची नजर नीट ठरत नव्हती.

"माझा हात?" तो म्हणाला. "मर्ल, मला गेली सहा वर्षं गिअरचे दात दिसत नाहीत. डोळ्यांत पडदा आलाय. आत्ता बोटाने मोजलं ते का, असं वाटलं तुला? तुझ्या भावाच्या ट्रकचा ॲक्सल, पाद्रीबाबांच्या गाडीचा, या शेरीफसाहेबांच्या जीपचा, सगळे हिने बसवलेत. मी लाजेपायी बोललो नाही. आता बेंच हिचं आहे. तसं ते आधीपासूनच होतं."

टॉलिव्हरांनी टोपी काढली. ती उन्हामुळे काढली असं कुणालाही वाटलं नाही.

रूडीच पहिला पुढे आला. त्याने आपली जमिनीवरची टोपी उचलली, झटकली आणि अल्बीनाला विचारलं की ते ठसा मधे आणायचं ती शिकवेल का. ती हो म्हणाली. मग लिंडक्विस्ट तिच्यासमोर येऊन उभा राहिला, आणि सकाळच्या हशात सामील असलेला तो माणूस आता शब्द जपून वापरत होता.

"अल्बीनाबाई, माझ्या गाडीला कितीचा लागेल?"

"आज कसं सांगू?" ती म्हणाली. "तुम्ही आत बसलेले असताना गाडी दहा फेरे ढकलून बघावी लागेल. घेऊन या."

"स्वीडिशांना सांगणार तू?" मागून एक ब्रेझिनावाला कळवळून म्हणाला.

"पुढच्या वर्षीही जिंकायला कुणीतरी बरोबरीचं नको का?" अल्बीना म्हणाली, आणि यावर दोन्ही गावं हसली.

तोवर मागे रांग लागली होती. बेकरीतले साडेचारवाले, चारवाले, सगळे आपापल्या गाड्यांची किल्ली हातात घेऊन उभे होते आणि एकमेकांना कोपराने ढकलत होते. सगळ्यात पुढे असलेल्या म्हाताऱ्याने तर घाईत सांगून टाकलं की त्याची गाडी बायकोची नाही, कधीच नव्हती, आणि तिच्यात तीनचा गिअर आहे. एवढ्यात चर्चच्या बायकांनी मक्याच्या कडेला टेबलं मांडली, आणि बदकाच्या भाजलेल्या मांसाचा व आंबट कोबीचा वास धावपट्टीवर पसरला.

"आधी जेवण," अल्बीना म्हणाली.

तिने ताट वाढून घेतलं, ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली आणि एमिलच्या शेजारी बसून सावकाश जेवू लागली. एकोणीस पुरुष टोप्या हातात धरून उन्हात उभे राहिले आणि तिचं जेवण व्हायची वाट बघत थांबले.